हरमन कासवाची प्रतिकृती: शेपटीकडून अचूक, पोटाकडून अपुरी

राजारामपुरीतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी हरमन कासवाची रेझिनची प्रतिकृती घेतली. ईशान्य स्पेनपासून ग्रीस-बल्गेरियापर्यंत आढळणारे हे जमिनीवरचे कासव युरोपातील लहान जातींपैकी एक आहे. त्याच्या पश्चिमेकडील उपजातीची प्रौढ कासवेही बहुधा १२ ते १८ सेंटिमीटर लांबीचीच असल्यामुळे प्रतिकृती मूळ आकाराची ठेवता आली आहे. देवळातल्या दगडी कासवापलीकडे ज्यांनी कासव निरखलेले नाही, अशा मुलांसाठी ही मोठी सोय आहे.

प्रतिकृतीचा सर्वांत उत्तम भाग म्हणजे तिची मागची बाजू. शेपटीच्या अगदी वरचे कवचाचे पट्ट हरमन कासवात बहुधा मधोमध दुभंगलेले असते, तर ग्रीक कासवात ते सहसा अखंड असते. शिवाय हरमनच्या शेपटीच्या टोकाला शिंगासारखा कठीण काटा असतो आणि ग्रीक कासवाच्या मांड्यांवर दिसणारे टोकदार उंचवटे त्याच्या मांड्यांवर नसतात. या दोन जाती ओळखताना हमखास होणारा घोटाळा ज्या खुणांनी टळतो, त्या तिन्ही इथे काळजीपूर्वक दाखवल्या आहेत, आणि एवढ्यासाठीही मी ही प्रतिकृती घ्यावी असेच सांगेन. घुमटाकार कवचावरील पिवळ्या-काळ्या रंगाची मांडणीही समाधानकारक आहे.

पोटाची बाजू मात्र निराश करते. पश्चिमेकडील उपजातीत पोटाच्या कवचावर दोन सलग काळे पट्टे असतात, पूर्वेकडील उपजातीत ते बहुधा तुटक डागांचे असतात. येथे मात्र सरसकट तपकिरी रंग दिला आहे. त्याहून गंभीर बाब अशी की शेपूट नरासारखी लांब व जाड असूनही पोट मादीसारखे सपाट आहे. नराचे पोट आत वळलेले असते आणि मिलनाच्या वेळी मादीच्या पाठीवर टेकण्यास त्याचा उपयोग होतो, म्हणून नर-मादीतील फरक शिकवताना हीच प्रतिकृती विद्यार्थ्यांचा गैरसमज करून देऊ शकते.

दुकानदारांनी ही सूचना उत्पादकाला कळवण्याचे मान्य केले. वेष्टन व बैठक मजबूत आहेत. सध्या घेणाऱ्या शिक्षकांनी दोन्ही उपजातींच्या आणि नर-मादीच्या पोटाची चित्रे काढून ती प्रतिकृतीशेजारी लावावीत.