बॉक्सच्या धंद्यात ऑनलाइन मार्केटिंग : १५ महिन्यांनंतरचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड (म्हणजे नागमोडी पुठ्ठ्याच्या) बॉक्सचं युनिट आहे. वडिलांनी उभं केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत द्राक्ष एक्स्पोर्टचे बॉक्स, बाकीचे महिने सातपूर, अंबड, सिन्नरच्या कंपन्यांचं पार्ट पॅकिंग, म्हणजे सुट्या भागांचे बॉक्स. गिऱ्हाईक सगळं धंद्यातलंच : पॅकहाउसचे (जिथे द्राक्षं निवडून पॅक होतात) मॅनेजर, एक्स्पोर्टर, कंपन्यांचे परचेसवाले. एखादा नग घ्यायला येणारं कुणी नाही.

मार्केटिंग म्हणजे आम्हाला एकच माहीत होतं. दसरा झाला की गाडीत सॅम्पल टाकायचे आणि ओझर, पिंपळगाव, वणी, दिंडोरी असा फेरा मारायचा. २०२४ च्या सीझनला एका जुन्या पार्टीची ऑर्डर हातची गेली. मालक थकले होते, मुलगा बसायला लागला होता. भेटायला गेलो तर तो म्हणाला, "काका, मोबाइलवर शोधलं, तुमचं काहीच दिसलं नाही. मला वाटलं बंद केलं." फार लागलं ते. त्याच ऑगस्टपासून आम्ही ऑनलाइनच्या मागे लागलो. आज नोव्हेंबर २०२५. आपल्यासारखीच लहान युनिट चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सुरुवात चुकली. एका बी-टू-बी पोर्टलचं (धंदेवाल्यांना धंदेवाले गाठून देणाऱ्या साइटचं) वर्षभराचं पॅकेज घेतलं. पहिल्याच आठवड्यात चाळीसेक एन्क्वायरी आल्या, घरात सगळे खूश. पण फोन लावला की समोरचा म्हणायचा, "अहो, सकाळपासून तुमच्यासारखे सहा जण फोन करून गेले." एकच लीड, म्हणजे एकाच गिऱ्हाइकाची चौकशी, अनेकांना विकलेली. मग बोलणं होतं ते फक्त दरावर. त्यातून एक सवय मात्र लागली : कोटेशन देण्याआधी जीएसटी नंबर मागायचा आणि सरकारच्या जीएसटी पोर्टलवर टाकून बघायचा. फर्मचं नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. निम्म्या एन्क्वायरी नंबर मागितल्यावरच गळतात. पॅकेज रिन्यू केलं नाही.

दुसरा फटका जास्त बसला. एका एजन्सीने "दहा हजार परचेस मॅनेजरना मेल पाठवतो" म्हणून आमच्याच डोमेनवरून (कंपनीच्या नावाच्या मेल पत्त्यावरून) विकतच्या यादीला मेल मारले. पंधरा दिवसांनी बारा वर्षांच्या जुन्या पार्टीचा फोन : "कोटेशन पाठवतो म्हणालात, आलंच नाही." त्यांच्या स्पॅममध्ये पडलं होतं. मग कळलं की डोमेनला एसपीएफ, डीकिम, डीमार्क या नोंदी लावाव्या लागतात. मेल खरंच तुमच्या सर्व्हरवरून निघालाय, हे समोरच्या मेलबॉक्सला त्यावरून समजतं. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलंय. आमच्या डोमेनला यातलं काहीच नव्हतं, वर लोकांनी स्पॅम म्हणून रिपोर्ट केलेलं. गाडी रुळावर यायला तीन महिने लागले, तोवर प्रत्येक कोटेशन मेल करून परत फोन करायचो. यादी विकत घेऊ नका, कोणी फुकट दिली तरी वापरू नका.

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि सगळ्यात आधी करायचं काम हेच. व्हेरिफिकेशनला एका टेकचा व्हिडिओ मागतात, काटछाट चालत नाही. भाऊ रस्त्यावरच्या कोपऱ्यापासून चालत आला, कंपनीचा बोर्ड दाखवला, शटरमधून आत, कोरुगेशन मशीन, स्लॉटर, शेवटी ऑफिसचं कुलूप उघडून टेबलावरचं बिलबुक. प्रोफाइलवर आम्ही मशीनचे, कागदाच्या रिळांचे आणि तयार थप्पीचे फोटो दर महिन्याला टाकतो. "बॉक्स मॅन्युफॅक्चरर अंबड" शोधून येणारा माणूस जवळचा असतो आणि त्याला घाई असते. पार्ट पॅकिंगची पाच नवी गिऱ्हाइकं इथूनच आली.

आता व्हॉट्सॲप, कारण खरा फरक तिथे पडला.

आधी साधं बिझनेस ॲप घेतलं. कॅटलॉग लावला, तीन प्लाय, पाच प्लाय (कागदाचे थर), पनेटचा (द्राक्षाच्या छोट्या प्लास्टिक डब्यांचा) बॉक्स, पाउचचा बॉक्स असं मांडलं. ब्रॉडकास्ट केला आणि कुणाचं उत्तरच नाही. कारण असं की एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो ब्रॉडकास्ट पोचतो. आमचा नंबर बऱ्याच जणांकडे नव्हताच. म्हणून त्या वर्षीचा दसऱ्यानंतरचा फेरा मी वेगळ्या पद्धतीने मारला. प्रत्येक पॅकहाउसवर मॅनेजरसमोर बसून विचारलं, "सीझनची माहिती व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालेल का?" हो म्हणाले की तिथेच त्यांच्या मोबाइलमध्ये आमचा नंबर सेव्ह करून घेतला आणि वहीत लिहिलं : गाव, किती कंटेनर, छाटणीची तारीख.

छाटणीची तारीख लिहून घ्यायचं भावाने सुचवलं, आणि सगळ्यात जास्त कामी आलं तेच. बागलाणकडची (सटाणा भागातली) अर्ली, म्हणजे लवकर येणारी बाग पावसाळ्यातच छाटतात. निफाड-दिंडोरीकडे गोडी बहाराची (फळासाठीची) छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. छाटणीपासून साधारण चार महिन्यांनी माल काढणीला येतो. म्हणजे सगळ्यांना एकाच दिवशी "सीझन सुरू, बॉक्स बुक करा" पाठवणं चूक आहे. सटाण्याच्या माणसाला तो मेसेज उशिरा झालेला असतो आणि वणीच्या माणसाचे अजून घडसुद्धा दिसत नसतात. आम्ही ॲपमध्ये लेबल लावली : बागलाण अर्ली, निफाड आगाप, दिंडोरी उशिरा. छाटणीला सत्तर-ऐंशी दिवस झाले की त्या लेबलला मेसेज. त्यात जाहिरात नाही, एवढंच : "तुमचा माल साधारण अमुक आठवड्यात येईल. छपाईचा ब्लॉक तयार आहे का? आर्टवर्क बदलायचं असेल तर आत्ताच कळवा." उत्तरं यायला लागली. एकाने लिहिलं, "भाऊ, माझ्या बागेची तारीख माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त लक्षात."

यादी वाढल्यावर जूनमध्ये व्हॉट्सॲपचं एपीआय घेतलं, म्हणजे मोठ्या यादीला मेसेज पाठवायची पैसे भरून मिळणारी सोय. तिथे आपण सुरू करायच्या मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि मार्केटिंगच्या प्रत्येक मेसेजला पैसे पडतात. समोरच्याने आधी लिहिलं तर २४ तास आपण मोकळेपणाने उत्तरं देऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक मेसेजच्या शेवटी एक प्रश्न ठेवतो, म्हणजे पुढचं बोलणं त्या २४ तासांत होतं. शंभराच्या आत गिऱ्हाईक असेल तर मात्र साधं ॲप पुरेसं आहे, एपीआयच्या मागे लागू नका.

सगळ्यात जास्त उत्तरं कुठल्या मेसेजला आली? २२ सप्टेंबर २०२५ ला कोरुगेटेड बॉक्सवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, त्या मेसेजला. आदल्या दिवशी सकाळी चार ओळी पाठवल्या : कधीपासून, जुन्या पीओचं (खरेदी ऑर्डरचं) बिल कसं होईल, तुम्हाला काय बदलावं लागेल. संध्याकाळपर्यंत अकाउंटवाल्यांचे फोन चालू होते. त्यात दोन कंपन्या अशा, ज्यांच्या परचेसने वर्षभर आमचा एकही मेसेज उघडला नव्हता.

दुसरी चालणारी गोष्ट व्हिडिओ. द्राक्षाचा बॉक्स शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर दमटपणात आठवडेच्या आठवडे राहतो, आणि कागद ओल धरतो. हे सगळ्यांना तोंडी माहीत असतं, डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नसतं. मी एकाच लॉटचे दोन बॉक्स घेतले. एक ऑफिसात ठेवला, दुसरा ओळखीच्या पॅकहाउसच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रभर. सकाळी कापडात गुंडाळून आणला आणि दोन्ही कॉम्प्रेशन टेस्टरवर (बॉक्स किती वजन झेलतो ते मोजणाऱ्या मशीनवर) दाबले. कोरड्याचे कोपरे शेवटपर्यंत ताठ. ओल्याच्या कोपऱ्यावर आधी बारीक सुरकुती आली, मग करकर आवाज, आणि भिंत पोटातून बाहेर आली. रीडिंग जवळपास निम्मं. मोबाइल कोपऱ्यावर धरून फक्त तेवढंच शूट केलं, वर मराठीत बोललो, संगीत नाही. पुढच्या व्हिडिओत थप्पी : कोपऱ्यावर कोपरा ठेवून लावलेली आणि भिंतीच्या विटा रचतात तशी फिरवून लावलेली. बॉक्सचा जोर कोपऱ्यांत असतो, फिरवून लावली की तो वाया जातो.

हे दोन व्हिडिओ पॅकहाउसच्या लोडिंग सुपरव्हायझरांच्या ग्रुपवर आपोआप फिरले. मालकांनी नाही, सुपरव्हायझरांनी फिरवले. ऑर्डर मालक देतो, पण "हा बॉक्स बसतो" हे सांगणारा माणूस खाली गोदामात असतो. फेऱ्यांमध्ये मी इतकी वर्षं त्याच्याशी दोन शब्दही बोललो नव्हतो, याचं वाईट वाटतं. गेल्या सीझनला चार नवी पॅकहाउस मिळाली, त्यातल्या तिघांनी पहिलं नाव व्हिडिओचं घेतलं.

लिंक्डइन द्राक्षवाल्यांसाठी उपयोगाचं नाही, पण कंपन्यांसाठी आहे. तिथे पॅकेजिंग डेव्हलपमेंटवाले हुद्द्यावरून सापडतात. कंपनीच्या पेजवर टाकलेलं कुणी बघत नाही, माझ्या स्वतःच्या नावाने टाकलेलं बघतात. आठ महिन्यांत एकच वेंडर रजिस्ट्रेशन झालं, पण ते सिन्नरचं चांगलं काम आहे, बारमाही. सोशल मीडियावर पैसे भरून केलेल्या जाहिरातीतून दहा-वीस बॉक्स मागणारे आणि नोकरी विचारणारेच आले. महिन्याभरात बंद केली.

नवे पत्ते शोधायला अपेडाची (शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेची) साइट बघा. मान्यताप्राप्त पॅकहाउसची यादी तिथे जाहीर असते, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. त्यावरून फोन करायचा, भेटायचं, परवानगी घ्यायची, मगच मेसेज. अलीकडे एका परचेसवाल्याने सांगितलं की त्याने एआयला विचारून आमचं नाव काढलं. वेबसाइटवर प्लाय, जीएसएम (कागदाचं वजन), बर्स्टिंग (फाटण्याआधी किती दाब झेलतो), कमीत कमी ऑर्डर, डिलिव्हरीचे दिवस असं सगळं साध्या वाक्यांत लिहिलंय, त्यामुळे सापडलो असं मला वाटतं. एकाच उदाहरणावरून जास्त सांगत नाही.

सगळं धरून महिन्याला नऊ-दहा हजार जातात, आणि भावाचा रोज एक तास. फेरा बंद केलेला नाही. यंदा पाऊस लांबल्यामुळे छाटण्यांच्या तारखा पुढेमागे झाल्यात, म्हणून अख्खी वही नव्याने लिहितोय. परवा ओझरपर्यंत झालं, उद्या सकाळी वणीला निघायचंय.