१९ महिने, एकाच दिवशी घेतलेले दोन गिझर आणि एक रॉड

गेल्या आठवड्यात पाहुण्यांच्या खोलीतल्या गिझरमधून सकाळी तांबूस पाणी आलं. मेकॅनिक आला, झाकण न उघडताच बादलीतलं पाणी पाहिलं आणि म्हणाला, "काकू, टाकी गेली. नवीनच घ्या." येण्याचे ३५० रुपये घेतले ते वेगळेच. त्याला मी जाऊ दिलं नाही. "दादा, आधी उघडून दाखव, मग टाकीचं बोलू." उघडल्यावर जे दिसलं त्यासाठी हा अनुभव लिहिते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही काच-लेपाच्या टाकीला लागू आहे.

दोन्ही गिझर २५ लिटरचे, उभे, २००० वॉटचे, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले. नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आधी, नोव्हेंबरात बसवले. एक वरच्या घरात, तिथे डोंगरातल्या झऱ्याचं नळपाणी येतं. दुसरा खाली आगरातल्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतल्या, दोन खोल्यांसाठी. त्या खोल्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि पाणी आगरातल्या विहिरीचं. दापोलीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पण मार्च संपला की आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. चहाला ते चालत नाही, आंघोळीला आम्ही चालवून घेतो.

त्याआधी सोलर होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात आंब्याची फांदी पडून त्याच्या काचेच्या नळ्या फुटल्या, स्टँड वाकला. पुढची तीन वर्षं आम्ही पुन्हा सासूबाईंच्या तांब्याच्या हंड्यावर आलो. जाळायला नारळाची सोडणं आणि झावळ्या घरच्याच, त्यामुळे खर्च शून्य. पण पाहुण्यांना सकाळी सहाला गरम पाणी लागतं आणि मी पाचला उठून न्हाणीतली चूल पेटवायची, हे मला झेपेना.

बसवण्याबद्दल एकच सांगते. आमच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत. भरलेला गिझर साधारण ३५ किलोच्या पुढे जातो. जांभ्याच्या सच्छिद्र दगडात नेहमीचे फास्टनर सैल होतात, म्हणून आम्ही भिंतीच्या आरपार बोल्ट काढून मागच्या बाजूने लोखंडी पट्टी लावली. कंपनीचा माणूस कुरकुरला, पण दोन्ही गिझर अजून जराही हललेले नाहीत.

वीज मला वाटली होती त्याहून कमी लागते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १ युनिट लागतं आणि पूर्ण व्होल्टेज असेल तर अर्ध्या तासात काम होतं. मात्र आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. तेव्हा हीटरची ताकद जवळपास ४० टक्क्यांनी घटते आणि त्याच पाण्याला पन्नास मिनिटं लागतात. पाहुणे म्हणतात गिझर बिघडला. बिघडलेला नसतो, खांबावरची वीजच मरतुकडी असते.

पहिल्या सहा महिन्यांत हे लिहिलं असतं तर पाचपैकी दोनच गुण दिले असते. गिझरच्या बुडाशी असलेल्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळायचं. दोनदा तक्रार केली, दोनदा सांगण्यात आलं, "असंच असतं." मला ती टाळाटाळ वाटली. नंतर मी त्याखाली मोजपात्र लावून बघितलं. एका वेळच्या तापण्यात जेमतेम तीन-साडेतीनशे मिली पाणी पडत होतं आणि तापणं थांबलं की थेंबही थांबत होते. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत गेलं की तेवढंच फुगतं. ते मागे जाऊ नये म्हणून आत एकदिशा झडप असते, मग जास्तीचा दाब त्याच व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. तेव्हा त्या तक्रारीबाबत मी माझं म्हणणं मागे घेते. तो व्हॉल्व्ह कुणी बूच मारून बंद करू नका. आमच्या गावात एकाने तसं केलं होतं आणि ते पाहून माझ्या अंगावर काटा आला.

दुसरी तक्रार गेल्या गणपतीतली. पावसाळ्यात खोल्या बंद होत्या. नणंद आणि भावोजी आले, नळ उघडला तर सडक्या अंड्याचा वास! मला वाटलं विहिरीत काहीतरी पडलं असेल. पण गार पाण्याला वास नव्हता, फक्त गरमला होता. कारण असं की पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू बंद टाकीत वाढतात, आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या मॅग्नेशियमच्या रॉडमुळे त्यांचं काम सोपं होतं. टाकी पूर्ण रिकामी केली, पूर्ण तापमानावर तापवून पुन्हा ओतून दिली. वास गेला. मॅग्नेशियमचा रॉड हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते तेव्हा. बसवणाऱ्याने त्याचं नावही काढलं नव्हतं.

आता परवाचं. एमसीबी पाडला, पाणी बंद केलं, टाकी रिकामी केली, खालचं झाकण आणि मग हीटर बसवलेली चकती काढली. हीटरवर पांढरा क्षाराचा थर होता, तो अपेक्षितच. त्याच्या शेजारी वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड रॉड असायला हवा होता. तिथे होती एक बारीक, काळी पडलेली तार, टोकाला चिमूटभर भुसभुशीत पांढरं काहीतरी. चकतीच्या तोंडाशी गंज धरलेला, पण टाकी कुठेही गळत नव्हती.

मग मी वरच्या घरातला गिझरही उघडायला लावला. मॉडेल तेच, वय तेच, वापर उलट जास्त, कारण तिथे आम्ही रोज चौघं आंघोळ करतो. तिथला रॉड खडबडीत झाला होता, पण जाडी जवळपास पूर्वीचीच. दोन्ही गिझरमध्ये फरक फक्त पाण्याचा होता.

टाकी पोलादाची असते. आतला काचेचा लेप भट्टीत भाजलेला असला तरी त्यात सुईच्या अग्राएवढी छिद्रं राहतात. तिथे पाणी पोलादाला लागतं. मॅग्नेशियम पोलादापेक्षा फार सहज झिजतं, म्हणून पाण्याचा हल्ला ते स्वतःवर घेतं आणि पोलाद वाचतं. पाणी जितकं खारट तितका वीजप्रवाह त्यातून सहज वाहतो, आणि रॉडही तितकाच वेगाने संपतो. आमच्या विहिरीच्या दोन उन्हाळ्यांनी तो संपवला. रॉड संपला की पाळी टाकीची.

पाजपंढरी या कोळ्यांच्या गावातले आमचे ओळखीचे नाखवा (होडीचे मालक) १ जूनपासून मासेमारीवर बंदी लागल्यामुळे घरीच होते, पावसासाठी होडी शाकारून. त्यांना ती तार दाखवली तर ते लगेच म्हणाले, "वहिनी, हे तर आमचं जस्तच की." होडीच्या पंख्याजवळ ते दरवर्षी जस्ताचे ठोकळे लावतात, त्याच कारणासाठी. ही युक्ती इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये आरमाराच्या तांबं मढवलेल्या जहाजांसाठी सुचवली. तांबं वाचलं, पण बुडाला शेवाळ-शिंपले धरून जहाजं मंदावली, कारण त्यांना दूर ठेवणारं तांबं आता पाण्यात उतरतच नव्हतं.

हे ऐकून आमच्या ह्यांनी लगेच हिशोब केला: नाखवांकडचा जुना जस्ताचा तुकडा गिझरमध्ये बसवू, रॉडचे पैसे वाचतील. पैसे वाचवायला माझी कधीच हरकत नसते, पण इथे मी नाही म्हटलं. समुद्राच्या पाण्यात जस्त पुरतं, गोड्या पाण्यात ते कमी पडतं. शिवाय ६० अंशांच्या आसपास काही पाण्यांत जस्त आणि लोखंडाची भूमिका उलटते, म्हणजे जस्त वाचवायला लोखंडच झिजायला लागतं. मचूळ पाण्याला ॲल्युमिनियमचा रॉड बरा, म्हणून तो सेवा केंद्रात मागितला. "येत नाही," एवढंच उत्तर मिळालं.

राग आहे तो यापुढच्या गोष्टीचा. वॉरंटी कार्डावर टाकीची ७ वर्षं ठळक अक्षरांत आहेत. त्याच कार्डाच्या मागे, भिंग घेऊन वाचावं अशा टायपात, खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान धरलं जाणार नाही आणि रॉड वेळेवर तपासणं ही ग्राहकाची जबाबदारी, असं लिहिलेलं आहे. फोनवर अर्धा तास भांडले. बसवायला आलेला माणूस आमच्या विहिरीवर हात धुऊन गेला होता, पाणी मचूळ आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं. "वर्षातून एकदा रॉड बघा" एवढे चार शब्द त्याने सांगितले असते तर आज टाकीच्या तोंडाला गंज नसता. किनाऱ्यावर माल विकणाऱ्याने हे सांगितलंच पाहिजे. फोनवरच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. मॅग्नेशियमच्याच नव्या रॉडचे ६२० आणि रबरी गॅस्केटचे ८० रुपये मात्र माफ झाले नाहीत. नवीन गिझरच्या किमतीपुढे हे काहीच नाही, म्हणून दिले.

जुनं गॅस्केट पुन्हा वापरू नका, ते आमच्याकडे गळलं. टाकी पूर्ण भरून नळाला पाणी आल्याशिवाय स्विच चालू करू नका, नाहीतर हीटर कोरडा जळतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला, आमचा जांभा एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा होतो.

गुण आता पाचपैकी चार, दोन्ही गिझरना. एक गुण त्या मागच्या पानावरच्या टायपासाठी कापला. खालच्याला तांबूस पाणी यायचं थांबलं आहे. जास्तीचा एक रॉड आणून पिठाच्या डब्यामागे ठेवला आहे आणि कॅलेंडरवर पुढच्या मार्चमध्ये, पाणी मचूळ व्हायच्या आधी, उघडून बघायची तारीख मांडली आहे.