ईएसएक्सआयचं ‘स्क्रॅच’ सेटिंग: पाचपैकी चार तारे

डिचोलीतल्या आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर व्हीएमवेअर ईएसएक्सआय ६.७ आहे (एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर), पेनड्राइव्हवरून बूट होणारं. अशा होस्टवर (म्हणजे हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या यंत्रावर) लॉग, म्हणजे कामकाजाच्या नोंदी, रॅमडिस्कवर, अर्थात तात्पुरत्या मेमरीत, जाऊ शकतात आणि रीस्टार्ट झाला की पुसले जातात. वेब क्लायंटमधली, म्हणजे ब्राउझरमधून होस्ट सांभाळायच्या पानावरची, पिवळी पट्टी हेच सांगत असते. बरेच जण ती सूचना नुसती दाबून टाकतात. कृपा करून तसं करू नका.

उपाय म्हणजे ‘स्क्रॅच’ ही लॉग ठेवायची जागा कायमच्या डिस्कवर हलवायची. डेटास्टोअरवर (होस्टच्या साठवणीच्या डिस्कवर) होस्टच्या नावाचा फोल्डर करायचा, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘कॉन्फिगर्ड स्क्रॅच लोकेशन’ला त्याचा पूर्ण पत्ता द्यायचा आणि रीबूट. मग ‘करंट स्क्रॅच लोकेशन’मध्ये तोच पत्ता दिसला की झालं. होस्ट दोन असतील तर फोल्डरही दोन हवेत. एक तारा कापला तो या रीबूटसाठी आणि ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधल्या नावांच्या लांबलचक यादीसाठी. चालू कामात यंत्र बंद करायचं म्हणजे काउंटरवरची माणसं ताटकळतात, म्हणून मी रविवार गाठला.

जूनच्या पहिल्याच गडगडाटात सर्व्हर आपोआप रीस्टार्ट झाला आणि या सेटिंगचं मोल कळलं. व्हीएमकर्नेलच्या (ईएसएक्सआयच्या गाभ्याच्या) लॉगमधल्या नोंदी मध्येच तुटलेल्या, शटडाउनची एकही ओळ नाही, कोअर डंपही (गाभा कोसळताना लिहिली जाणारी फाइल) नाही. म्हणजे बहुधा कर्नेल कोसळला नव्हता, वीजच गेली होती. मदरबोर्ड बदलायची चर्चा तिथेच थांबली, यूपीएसच्या बॅटऱ्या तेवढ्या बदलल्या. लॉगमधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळेसाठी वाचताना साडेपाच तास मिळवावे लागतात.

मुळात लॉग फाइल सर्वसाधारणपणे १०२४ केबीची आणि जुन्या फाइली आठच ठेवल्या जातात. होस्टडी (होस्टचं व्यवस्थापन पाहणारी सेवा) बडबड्या, त्याच्या जुन्या नोंदी लवकर उडतात. आकार वाढवून घ्या. शिवाय डेटास्टोअरच बसला तर त्यावरचे लॉगही गेले, म्हणून एक प्रत दुसऱ्या यंत्रावर सिसलॉगने (नेटवर्कवरून लॉग पाठवायच्या सोयीने) पाठवतो. होस्टच्या फायरवॉलमध्ये सिसलॉगचा नियम उघडायला विसरू नका, नाहीतर तिकडे काहीच पोचत नाही.

नवा होस्ट घेणाऱ्यांनी मात्र पेनड्राइव्हचा विचारच सोडावा. २०२० साली आलेल्या ईएसएक्सआय ७.० पासून बूट डिस्कवरची मांडणी बदलली आहे, बूटसाठी किमान ३२ जीबीची चांगली एसएसडी घ्या.