मधुमेहासाठी भाकरी : ज्वारीची की नाचणीची?

मधुमेह असलेल्या माणसाच्या ताटात पोळीऐवजी भाकरी आली की ती ज्वारीची असावी की नाचणीची, हा प्रश्न हमखास निघतो. पिष्टमय पदार्थांचे प्रमाण पाहिले तर दोन्ही धान्ये जवळपास सारखीच आहेत, म्हणजे १०० ग्रॅममागे साधारण ६७ ग्रॅम. त्यामुळे नाचणी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही, हा समज निराधार आहे. तंतुमय घटकही दोहोंत सुमारे १० ते ११ ग्रॅम असतात.

खरा फरक अन्यत्र आहे. ज्वारीत प्रथिने अधिक, सुमारे १० ग्रॅम, तर नाचणीत ७ ग्रॅमच्या आसपास. शिवाय ज्वारीतील काफिरिन हे प्रथिन शिजताना पिष्टकणांभोवती घट्ट जाळे धरते, त्यामुळे पिष्टाचे पचन काहीसे मंदावते. नाचणीचे बळ कॅल्शियममध्ये आहे: १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, ज्वारीच्या दहापटीहून अधिक. साखरेबरोबर हाडांचीही काळजी असणाऱ्या उतारवयातील स्त्रियांनी म्हणूनच नाचणीचा विचार अवश्य करावा.

मात्र नाचणी कोणत्या रूपात पोटात जाते, याला माझ्या मते धान्याच्या निवडीइतकेच महत्त्व आहे. बारीक पिठाची पातळ, शिजवलेली आंबील किंवा गूळ घातलेले सत्त्व भाकरीपेक्षा लवकर पचते आणि साखर झपाट्याने चढवते. (बाजारातील नाचणीच्या बिस्किटांत बहुधा मैदा आणि साखरही असते.) रोजच्या जेवणासाठी मी ज्वारीच निवडेन आणि आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी, तीही एकच, उसळ व पालेभाजीसोबत घेईन.