डबा, एलसीडी की ओलेड: चित्राच्या दर्जावरून मॉनिटर निवडताना

रात्री खोलीतले दिवे घालवा आणि मॉनिटरवर पूर्ण काळं चित्र लावा. साध्या आयपीएस (एलसीडीचा एक नेहमीचा प्रकार) पडद्यावर तो काळा रंग धुरकट राखाडी दिसेल, कोपऱ्यांत तर आणखी उजळ. एलसीडीत मागचा दिवा सतत पेटलेला असतो. पुढच्या द्रवस्फटिकांनी तो उजेड अडवायचा असतो, पण पूर्ण अडवणं त्यांना जमत नाही. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या रंगाचं प्रमाण, साधारण 1000 ला 1, व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या एलसीडीचा 3000 ला 1 च्या आसपास. जुन्या सीआरटीत, म्हणजे आपल्या डब्यात, इलेक्ट्रॉनचा झोत जिथे पडत नाही तिथलं फॉस्फर, म्हणजे काचेमागचा चमकणारा लेप, पेटतच नाही. ओलेडचा पिक्सेलही स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. डबा जाऊन एलसीडी आला तेव्हा आपण खरा काळा रंग गमावला होता, तो ओलेडने परत आणला. त्यातही ओलेड सरस, कारण डब्यावर काळ्याशेजारी पांढरं आलं की जाड काचेत उजेड पसरतो आणि काळा फिकटतो.

हलत्या चित्राचा हिशेब वेगळा. मराठी मजकुराचं लांबलचक पान भरभर वर सरकवून बघा. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या, एलसीडीवर रफार, अनुस्वार, वेलांट्या एकमेकांत विरघळतात. पॅनेल मंद आहे असं आपण म्हणतो, आणि थोडं असतंही. पण मोठं कारण निराळं आहे. प्रत्येक फ्रेम 16.7 मिलिसेकंद एकाच जागी थांबते, आपली नजर मात्र सरकत असते, म्हणून डोळ्यालाच ती फासल्यासारखी दिसते. ओलेडचा पिक्सेल कितीही चपळ असला तरी 60 हर्ट्झवर हे चुकत नाही. 240 हर्ट्झवर फ्रेम 4.2 मिलिसेकंदच टिकते, तेव्हा फरक पडतो. डब्यातला ठिपका जेमतेम मिलिसेकंदभर चमकून विझतो. म्हणून जुने गेम आजही डब्यावरच सर्वांत स्वच्छ पळतात, आणि त्यांचं कमी रिझोल्यूशनही तिथे शोभतं. एलसीडीवर ते ताणून बसवावं लागतं. या विझण्याची किंमत म्हणजे लुकलुक. 60 हर्ट्झवर माझं डोकं दुखायचं, 85 केल्यावर थांबायचं.

माझं काम अक्षरजुळणीचं, त्यामुळे माझा जीव अक्षरांत अडकलेला. तिथे मात्र डब्याची आठवण काढू नये. कोपऱ्यातल्या अक्षरांना लाल-निळी कड यायची, रेघा किंचित वाकायच्या, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ ओळखायला पान मोठं करावं लागायचं. 24 इंची फुल एचडी एलसीडीवर इंचाला 92 पिक्सेल येतात, 27 इंची 4केवर 163. या दुसऱ्या पडद्यावर ‘क्ष्म’चा पाय छापल्यासारखा दिसतो. एकदा याची सवय लागली की मागे जाववत नाही.

ओलेड घेणाऱ्या मराठी वाचकाने एक गोष्ट जरूर तपासावी. 2022 मध्ये आलेल्या 34 इंची क्यूडी-ओलेड (ओलेडचाच एक प्रकार) पडद्यांत लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलचे रंगीत भाग, एका ओळीत नसून त्रिकोणात आहेत. त्यामुळे आडव्या रेषांच्या वर-खाली हिरवट-जांभळट झाक येते, आणि आपल्या प्रत्येक शब्दावर तर आडवी शिरोरेषाच असते! रोमन लिपीत जे खपून जाईल ते इथे ओळीओळीला डोळ्यांत येतं. 27 इंची 4के क्यूडी-ओलेडवर पिक्सेलच इतके बारीक आहेत की ही झाक खूप कमी होते. शिवाय खोलीत भरपूर उजेड असेल तर क्यूडी-ओलेडचा काळा जांभळट राखाडी होतो, आणि तोच टूलबार रोज आठ-दहा तास एका जागी राहिला तर त्याचा कायमचा ठसा उमटण्याची भीती असते.

तेव्हा दिवसभर लिहिणं-वाचणं, जुळणी, हिशेब असेल तर 27 इंची 4के आयपीएस घ्या. रात्री काळा थोडा राखाडी दिसेल, तेवढं सोसा. अंधारात सिनेमे आणि नवे गेम असतील तर ओलेडच. सोनीच्या 24 इंची एफडब्ल्यू900 सारखा डबा स्वप्नात येत असेल तर ध्यानात घ्या, त्याचं वजन सुमारे 42 किलो आहे आणि त्याची पिक्चर ट्यूब आता नवी मिळत नाही. जुन्या गेमांसाठी घरातला चालू 17 इंची डबा भंगारात न देता ठेवलात तरी पुरेसं आहे.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर एक मराठी पीडीएफ न्या. तिथे झळकणाऱ्या फुलांच्या, धबधब्यांच्या चित्रफिती बंद करायला सांगा, ते पान उघडा आणि दहा पॉइंटच्या अक्षरातली शिरोरेषा जवळून बघा.