मेंदूतील रक्तप्रवाहाचा माग: एफएमआरआय घ्यावा की एफनिर्स?

मेंदूचा कोणता भाग केव्हा कामाला लागतो हे कवटी न उघडता, रक्तप्रवाहावरून पाहायचे असेल, तर संशोधकापुढे आज प्रामुख्याने दोन साधने असतात: चुंबकीय क्षेत्राने मेंदूची प्रतिमा घेणारे एफएमआरआय आणि प्रकाशाने मापन करणारे एफनिर्स. यांपैकी एकही साधन चेतापेशींचे विद्युत्संदेश मोजत नाही. चेतापेशी सक्रिय झाल्या की त्या ठिकाणचा रक्तपुरवठा वाढतो, आणि दोन्ही साधने या वाढीचाच माग काढतात. त्यामुळे प्रबंधासाठी साधन निवडणाऱ्याने यंत्राची किंमत विचारण्याआधी पेशी आणि रक्तवाहिनी यांच्यामधील दुवा समजून घेतलेला बरा.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के असला, तरी विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो, आणि इंधनाचा साठा मात्र नाममात्रच ठेवतो. गरजेप्रमाणे त्या त्या भागातील रक्तवाहिन्या रुंदावतात, ही कल्पना रॉय आणि शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९० मध्ये मांडली. चयापचयातून तयार होणारे पदार्थ वाहिन्यांना सैल करतात, असा त्यांचा तर्क होता. आजचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. दोन चेतापेशींमधील सांध्यावर, म्हणजे चेतासंधीवर, ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सुटले की चेतापेशींमधून वाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन बाहेर पडतात, अ‍ॅस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशीही वाहिन्यांवर परिणाम करणारे पदार्थ सोडतात, आणि केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी पोटॅशियमची वाढ ओळखून तो इशारा प्रवाहाच्या उलट दिशेने धमनिकांपर्यंत (लहान धमन्यांपर्यंत) पोहोचवतात. म्हणजेच तुटवडा पडण्याची वाट न पाहता पुरवठ्याची तजवीज सुरू होते.

ही तजवीज सढळ असते. फॉक्स आणि रायकल यांनी १९८६ मध्ये पेट तंत्राने (किरणोत्सारी खूण वापरून) केलेल्या मापनात, हाताच्या बोटांना कंपन दिल्यावर संबंधित भागातील रक्तप्रवाह सुमारे २९ टक्क्यांनी वाढला, पण ऑक्सिजनचा वापर केवळ ५ टक्क्यांच्या आसपास वाढला. परिणामी सक्रिय भागात ऑक्सिजन गमावलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढण्याऐवजी घटते. दोन्ही साधनांचा डोलारा या विसंगतीवर उभा आहे.

ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित अडथळा आणते. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये बेल प्रयोगशाळेत याचाच उपयोग करून रक्तातील ऑक्सिजनच्या पातळीवर अवलंबून असणारा बोल्ड संकेत दाखवून दिला, आणि एफएमआरआय बहुतांशी तोच मोजतो. तीन टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) शक्तीच्या यंत्रावर दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा तपशील मिळतो, आणि हिप्पोकॅम्पस, अ‍ॅमिग्डाला यांसारख्या खोलवरच्या रचनाही दिसतात. अभ्यासाचा प्रश्न या रचनांशी निगडित असेल, तर पुढचा विचार करण्याचे कारण नाही. एफनिर्स तिथवर पोहोचत नाही.

एफनिर्सची पद्धत निराळी आहे. डोक्यावरून अवरक्ताजवळचा प्रकाश आत सोडायचा आणि साधारण तीन सेंटिमीटरवर परत येणारा प्रकाश टिपायचा. दोन तरंगलांबी वापरल्यामुळे ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनमधील बदल वेगवेगळे मिळतात, ही बोल्डपेक्षा खरी जमेची बाजू. पोहोच मात्र कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाह्य आवरणाच्या, बाहेरच्या थरापुरतीच. तान्ही मुले, चालणारी माणसे, समोरासमोर बोलणारे दोघे किंवा शरीरात धातूचे रोपण असलेले रुग्ण यांच्यासाठी हे साधन सोयीचे आहे, कारण यंत्राच्या बोगद्यात, कान किटवणाऱ्या आवाजात, निश्चल पडून राहावे लागत नाही.

एफनिर्सच्या माहितीपत्रकात सेकंदाला दहा नोंदींचा उल्लेख ठळकपणे असतो. त्याने भारावून जाऊ नये. रक्तप्रवाहाचा प्रतिसादच मुळात एक-दोन सेकंदांनी सुरू होतो आणि पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. नोंदी वाढवल्या म्हणून वाहिन्या लवकर रुंदावत नाहीत. दाट नोंदींचा उपयोग हृदयाचे ठोके ओळखून वगळण्यासाठी होतो, आणि तेवढा पुरेसा आहे. मिलिसेकंदांचा हिशेब हवा असेल तर मेंदूचे विद्युत्संदेश टिपणारा ईईजी जोडावा.

प्रत्यक्ष कामात एफनिर्सची खरी कसोटी केसांपाशी लागते. काळे, दाट केस प्रकाश शोषून घेतात. म्हणून टोपी बसवल्यावर प्रत्येक खाचेतून बोथट काडीने केस बाजूला सारून, त्वचा दिसू लागल्यावरच संवेदक टेकवावा लागतो. भारतीय सहभागी असतील तर या तयारीसाठी वेळापत्रकात जागा ठेवावी आणि डोक्याला तेल न लावता येण्यास सांगावे. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. प्रकाश जाताना आणि येताना डोक्याच्या त्वचेतून जातो, आणि त्या त्वचेतील रक्तप्रवाह श्रमाने किंवा लाजल्यानेही बदलतो. हा भाग वजा करण्यासाठी आठेक मिलिमीटर अंतराचे जादा संवेदक लागतात. ते नसलेला संच स्वस्तात मिळत असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन गटांची तुलना करायची असेल, उदाहरणार्थ तरुण आणि वृद्ध किंवा निरोगी आणि मधुमेही, तर निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने अवघड होतो. वयाने किंवा आजाराने वाहिन्या ताठर झाल्या असतील, तर चेतापेशी तितक्याच सक्रिय असूनही संकेत क्षीण येतो, आणि मेंदू कमी काम करतो असा चुकीचा निष्कर्ष निघतो. हा दोष दोन्ही साधनांत आहे. पण एफएमआरआयच्या यंत्रावर त्याला उतारा सापडतो. मानेतून वर जाणाऱ्या रक्ताला चुंबकीय खूण करणारी एएसएल पद्धत प्रवाह थेट दर १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला किती मिलिलिटर, या एककात देते. बोल्डला असे एककच नाही. एएसएलचा संकेत दुबळा असतो आणि वेळ अधिक जातो, तरीही अशा तुलनेत मी एफएमआरआयच निवडेन आणि सोबत एएसएल घेईन. ते शक्य नसेल, तर सहभागींना थोडा वेळ श्वास रोखायला सांगून केवळ कार्बन डायऑक्साइडमुळे त्यांच्या वाहिन्या किती रुंदावतात, हे तरी आधी मोजावे. एफनिर्सवरही ही चाचणी करता येते.

साधन कोणतेही असो, चहा-कॉफीची नोंद ठेवावी. कॅफिन अ‍ॅडेनोसिन या वाहिन्या रुंदावणाऱ्या द्रव्याचे ग्राही (ते ओळखणारी पेशींवरील स्थाने) अडवून मेंदूतील वाहिन्या आकुंचित करते. पण रोज चार कप पिणाऱ्याला आदल्या दिवसापासून चहा बंद करायला लावणे हाही उपाय नाही, कारण सवयीचे कॅफिन अचानक तुटले की रक्तप्रवाह उलट वाढतो. त्यापेक्षा प्रत्येकाने नेहमीइतकेच प्यावे आणि मापन शेवटच्या कपानंतर ठरावीक अंतराने व्हावे.