माइक, वेबकॅम आणि एक गोधडी: नऊ महिने व्हिडिओ कॉल केल्यावर

वस्तू घेऊन चार दिवस झाले की लोक पाच स्टार देऊन मोकळे होतात, त्यावर विसंबून मी दोनदा फसलेय, म्हणून ठरवलं होतं की आपण लिहायचं ते एक पावसाळा काढूनच लिहायचं. फेब्रुवारीत सगळं घेतलं, आता नोव्हेंबर चाललाय.

आधी परिस्थिती सांगते. कंपनी पुण्याची, क्लायंट इंग्लंडचा, आणि मी साताऱ्यात, जुन्या घराच्या माडीवरच्या खोलीत. खाली फरशी, चारी बाजूंनी गुळगुळीत भिंती, वर पत्रा. कॉल दुपारी दोनला सुरू होतात ते रात्री साडेआठपर्यंत, आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की अजून एक तास पुढे. दिवसाचे तीन-चार तास तर बोलण्यातच जातात.

आणि त्या बोलण्यात मला सारखं "सॉरी, परत सांगता का" ऐकावं लागायचं. मी मराठी मीडियमची. मला वाटायचं माझं इंग्लिशच कच्चं, उच्चार गावठी, म्हणून मी हळू बोलायला लागले, मग अजून हळू, शेवटी कॉलवर तोंड उघडायच्या आधी वाक्य कागदावर लिहून घ्यायचे. हे जवळजवळ दीड वर्ष चाललं. मॅनेजर म्हणाला जरा कॉन्फिडन्स वाढव. मी कॉन्फिडन्स वाढवायला काय केलं, तर रिंग लाइट आणला.

तर रिंग लाइटचं आधी संपवते. मला चष्मा आहे. दोन्ही काचांत दोन पांढऱ्या बांगड्या चमकायच्या, डोळे दिसायचेच नाहीत. आठ दिवसांत तो मामेबहिणीला देऊन टाकला, ती मेंदीचे व्हिडिओ करते, तिला मस्त उपयोग होतोय. नंतर चौकोनी एलईडी पॅनल घेतलं, १४०० रुपये, ते समोर न ठेवता डाव्या बाजूला, डोक्याच्या वर आणि थोडं खाली झुकवून लावलं की चष्म्यातली चमक जाते. एवढ्यावर भागलं असतं पण खोलीत ट्यूबलाइट पांढरी आणि मी पॅनल ठेवलं पिवळट, मग अर्धा चेहरा हळद लागल्यासारखा आणि अर्धा आजारी. दोन्ही एकाच रंगाचे ठेवायचे, किंवा कॉलपुरती ट्यूब बंद करायची, मी बंदच करते.

वेबकॅम ३२०० चा, फुल एचडी. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे तक्रार आहे. चित्र लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलं आहे यात वाद नाही, पण पहिल्याच दिवशी स्क्रीनवर आडवे पट्टे सरकायला लागले. मी परत पाठवायच्या बेतात होते, मग सेटिंगमध्ये सापडलं की फ्लिकर, म्हणजे लाइटच्या लुकलुकण्याशी कॅमेरा जुळवायची सेटिंग, ६० हर्ट्झवर ठेवलेलं होतं आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ५० केलं, पट्टे गायब. तुमच्याकडे असं झालं तर आधी हे बघा. फोर-के वगैरेच्या नादी लागू नका, मीटिंगमध्ये सहा जण असले की तुम्ही एका चौकोनात पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसता आणि ॲप स्वतःच क्वालिटी खाली आणतं. पाचव्या महिन्यात कॅमेऱ्याची खालची बिजागरी सैल झाली, बोलता बोलता मान टाकतो. कस्टमर केअरला तीन मेल टाकले, तिन्हींना तेच एक छापील उत्तर. आता रबरबँड लावलाय. आणि कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणण्यासाठी स्टँड घेतला नाही, लॅपटॉपखाली अकरा जुने दिवाळी अंक आहेत, नऊ महिने हलले नाहीत.

आता मुख्य गोष्ट, आवाज. आधी मी ब्लूटूथ हेडफोन वापरत होते, चांगले महागाचे. गाणी त्यावर झकास वाजतात म्हणून मला कधी शंकाच आली नाही. पण ब्लूटूथचा माइक चालू झाला की हेडफोन दुसऱ्याच मोडमध्ये जातो, फोन कॉलवाल्या, आणि आवाजाचा वरचा, म्हणजे उंच पट्टीचा, सगळा भाग कापला जातो. स आणि फ यांतला फरक त्या वरच्या भागातच असतो. म्हणूनच फोनवर स्पेलिंग सांगताना आपण "एस फॉर सातारा" म्हणतो ना! मी म्हणायचे सेल, त्यांना ऐकू जायचं फेल. रिपोर्टच विक्रीचा, म्हणजे विचार करा.

हे मला कळलं ते टीम्स या मीटिंगच्या ॲपमधल्या टेस्ट कॉलमुळे. सेटिंगमध्ये असतो, बोललेलं तुम्हालाच परत ऐकवतो. मी स्वतःला पहिल्यांदा ऐकलं आणि खरं सांगते, मलाच कळलं नाही मी काय बोलतेय. विहिरीत बसून बोलल्यासारखं. दीड वर्ष ती माणसं ते ऐकत होती, आणि मी उच्चारांची पुस्तकं आणत होते.

मग यूएसबी डायनॅमिक माइक घेतला, ४३०० रुपये, आणि टेबलाला लावायचा हात ११०० चा. कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही पकडणारा माइक, घेऊ नका, म्हणजे तुमची खोली शांत आणि गाद्यागिरद्यांची असेल तर घ्या, पण आमच्यासारख्या घरात तो शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजतो. डायनॅमिकला मात्र जवळ बोलावं लागतं. वीतभर अंतर, त्याहून लांब नको. अंतर दुप्पट केलं की तुमच्या आवाजाची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते आणि खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो. माइक तोंडाच्या बरोबर समोर नाही, किंचित बाजूला, म्हणजे प आणि भ ला फुस्स होत नाही आणि कॅमेऱ्यात तोंडही झाकत नाही.

फरक पडला, पण घुमारा पूर्ण गेला नाही. म्हणून आजीची जाड गोधडी काढली आणि समोरच्या भिंतीला टांगली. आई म्हणाली, "अगं भिंतीला काय थंडी वाजतीय का?" विशेष फरक नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की माइकचं तोंड माझ्याकडे आहे, म्हणजे त्याला ऐकू येते ती माझ्या मागची भिंत. गोधडी मागे नेली आणि काम झालं! फक्त ती आता कॅमेऱ्यात दिसायला लागली, लाल-हिरवे ठिगळांचे चौकोन. मला आवडत होतं, पण मॅनेजरचा चेहरा बघून तिच्यावर एक साधा बदामी पडदा सोडला. व्हर्च्युअल बॅकग्राउंड मी लावत नाही, चित्रात ते माझे कानच खाऊन टाकतं.

एवढं करून एक बारीक गुणगुण मागे राहिली होती, भुंगा असल्यासारखी. माइक खराब म्हणून दुकानात फोन झाला, केबल बदलून झाली. एकदा बोलताना लाइट गेली आणि गुणगुण बंद! आली की परत सुरू. चार्जर काढून बघितला, तेव्हाही गुणगुण बंद. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या, ते मी कायम असतंच म्हणून सोडून दिलं होतं. वायरमनला बोलावलं, त्यानं बोर्ड उघडला आणि म्हणाला, "ताई, तीन पिनचा सॉकेट हाय पण अर्थिंगची वायरच न्हाई आत." परसात खड्डा घेऊन, कोळसा-मीठ घालून नवीन अर्थिंग केलं, सगळं धरून साडेतीन हजार गेले. माइकच्या खालोखाल खर्च, आणि कुठल्याच रिव्ह्यूमध्ये हे कुणी लिहिलेलं नव्हतं. माइकसाठी नका करू, जिवासाठी तरी करा.

राउटरला छोटा यूपीएस लावलाय, १३०० चा. सुरुवातीला साडेतीन तास टिकायचा, आता दोनला दम तोडतो. तरी पैसे वसूल, कारण लाइट जाते तेव्हा मी मीटिंगमधून गायब होत नाही, फक्त अंधारी होते. आणि वायफायऐवजी केबल लावा, माडीवर सिग्नल दोन भिंती ओलांडून येईस्तोवर त्याचा जीव जातो.

जिथं अजूनही हरलेय ते म्हणजे पाऊस. जुलैत पत्र्यावर जोर धरला की नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट दाबायची सोय, हायवर टाकावं लागतं आणि मग ते पावसाबरोबर माझे शब्दही गिळतं, बंद ठेवावं तर समोरच्याला वाटतं मी धबधब्याखाली बसलेय. दोन आठवडे मी खालच्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी बसून कॉल केले. पोती रचलेली असल्यामुळे तिथला आवाज सगळ्यात छान यायचा, हे वेगळंच.

"सॉरी, परत सांगता का" आता क्वचित येतं. माझं इंग्लिश होतं तेवढंच आहे, स्पीड मात्र पूर्वीचा परत आलाय, आणि कागदावर लिहून घेणं कधी थांबलं ते आठवतही नाही. कुणी विचारलंच तर माझा क्रम असा: अर्थिंग बघा, ब्लूटूथ सोडा, मागच्या भिंतीला जाड काहीतरी लावा, मग माइक, आणि पैसे उरले तर कॅमेरा. माइकला साडेचार स्टार. वेबकॅमला अडीच, त्यातला अर्धा रबरबँडचा.

आणि हो, थंडी सुरू झाली तशी आजी गोधडी परत मागतेय.